आईचा रिपोर्ट आणि मामीचा रिपोर्ट : हार्मोनच्या गोळीने रक्तात काय बदलतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळव्यात राहणारी आई, वय ६२, पाळी जाऊन बारा वर्षं झाली. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि शेकाई (रेडिएशन) झाली, गाठ हार्मोन पॉझिटिव्ह होती, म्हणून आठ महिने लेट्रोझोल (शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी) चालू आहे. शेजारणीच्या सांगण्यावरून 'लेडीज हार्मोन प्रोफाइल' केली. त्यात एफएसएच (बीजांडकोशाला कामाला लावणारं हार्मोन) ७४ आणि इस्ट्रॅडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन) २१ आलं, आणि एफएसएचपुढे लाल अक्षरात 'एच', म्हणजे 'हाय'. आईचं म्हणणं, गोळी लागू पडत नाहीये. ऐरोलीच्या मामीला, वय ४७, हाच आजार आहे. केमोनंतर दीड वर्ष पाळी आलेली नाही आणि टॅमॉक्सिफेन ही दुसरी हार्मोनविरोधी गोळी चालू आहे. तिचं इस्ट्रॅडिऑल ३८०, एफएसएच ९. विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न : आईची गोळी चालतेय ना, आणि मामीची पाळीही गेलीच आहे, तर तिलाही हीच गोळी का देत नाहीत?

ताई, आईच्या रिपोर्टने घाबरू नका. मामीचा रिपोर्ट मात्र तिच्या डॉक्टरांना या आठवड्यातच दाखवा. आणि तोवर आईच्या पाकिटातली एकही गोळी मामीला देऊ नका. 'एकच आजार, एकच गोळी' म्हणून घरच्या घरी वाटून घेणारे लोक मी ठाण्यात भरपूर पाहतो, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

आता कारणं. पाळी कायमची गेली की बीजांडकोशातून इस्ट्रोजेन येणं जवळपास थांबतं, पण शरीरातलं इस्ट्रोजेन शून्यावर येत नाही. मूत्रपिंडांच्या वर अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात. त्या आयुष्यभर थोडी पुरुषी हार्मोन्स बनवत राहतात, बायकांमध्येही. चरबी, स्नायू, कातडी आणि खुद्द स्तनातल्या पेशींमध्ये अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते या पुरुषी हार्मोन्सचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. रक्तात हे इस्ट्रोजेन अगदी जुजबी दिसतं. स्तनाच्या पेशींत मात्र त्याचं प्रमाण रक्तापेक्षा दहा-वीस पट असू शकतं, कारण ते तिथेच तयार होतं आणि तिथेच वापरलं जातं. हार्मोन पॉझिटिव्ह गाठ यावरच पोसली जाते. 'पाळी जाऊन एवढी वर्षं झाली, मग हार्मोनचा कॅन्सर कसा?' हा प्रश्न मला बायकांपेक्षा त्यांचे नवरेच जास्त विचारतात. त्याचं उत्तर हे आहे.

लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्सेमेस्टेन या तीन गोळ्या अरोमाटेजलाच बंद पाडतात. शरीरातलं हे रूपांतर त्यांच्यामुळे ९७ ते ९९ टक्के थांबतं. गोळी सुरू केल्यावर दोन-चार दिवसांतच इस्ट्रॅडिऑल तळाला जातं, महिनोन्‌महिने वाट पाहावी लागत नाही. लेट्रोझोल अंगातून निम्मं उतरायला साधारण दोन दिवस लागतात. त्यामुळे लग्नाच्या गडबडीत आईची एखादी गोळी राहिली तर बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, एवढंच. पण महिना-दोन महिने गोळी सुटली तर काही आठवड्यांत हार्मोन जिथे होतं तिथे परत येतं, आणि त्याचं बाहेरून काहीच लक्षण दिसत नाही. माझ्या अनुभवात 'गोळी लागू पडत नाही' यामागे अनेकदा हेच असतं, की गोळी रोज पोटात जात नाही. आईला हे रागावून विचारू नका. गोळ्यांच्या पट्ट्या मोजा, कळेल.

आता २१ या आकड्याकडे येऊ. इस्ट्रॅडिऑल पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाएवढं, तेही एका मिलिलीटर रक्तात. पाळी चालू असलेल्या बाईत महिन्याच्या दिवसाप्रमाणे हा आकडा साधारण ३० ते ४०० असतो. पाळी गेल्यावर तो २० च्या खाली येतो, बहुतेकींत १० च्याही खाली. लेट्रोझोलवर तो एकच्या आसपास किंवा त्याहून कमी होतो. आपल्या नाक्यावरच्या लॅबमध्ये जे मशीन असतं ते इम्युनोअसे पद्धतीने चालतं. ते मुख्यतः पाळीच्या तक्रारी आणि वंध्यत्वाच्या उपचारांसाठी बनवलेलं आहे, तिथे आकडे शेकड्यांत असतात आणि ते चोख काम करतं. वीसच्या खाली ते चाचपडायला लागतं. रक्तातल्या दुसऱ्याच एखाद्या स्टेरॉइडलाही इस्ट्रॅडिऑल समजून मोजतं. भाजीवाल्याच्या काट्यावर मंगळसूत्राचे मणी तोलण्यासारखा प्रकार आहे हा : काटा खोटा नाही, वापर चुकीचा आहे. म्हणून आईचा २१ हा आकडा गोळी चालत नसल्याचा पुरावा नाही. तो ९ आला असता तर चालत असल्याचाही पुरावा ठरला नसता.

खरंच मोजायचं असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजतात, लॅबवाले 'एलसी-एमएस' म्हणतात. पद्धत महाग आहे आणि नमुना बहुधा मोठ्या लॅबकडे पाठवावा लागतो. ६२ वर्षांच्या, पाळी जाऊन बारा वर्षं झालेल्या बाईत मी ही तपासणी सांगत नाही. जगभरातल्या मार्गदर्शक सूचनाही या वयात लेट्रोझोलवर असताना इस्ट्रॅडिऑल पुन्हापुन्हा तपासा असं म्हणत नाहीत. कारण उघड आहे. आकडा जरा कमीजास्त आला तरी डोस बदलत नाही. जाड बाईत अरोमाटेज जास्त असतं आणि गोळीवरही तिचं इस्ट्रोजेन बारीक बाईपेक्षा किंचित जास्त राहू शकतं, हे खरं आहे. पण त्यावरचा उपाय दोन गोळ्या हा नाही.

तरीही २१ बघून मी दोन गोष्टी विचारेन. ओपीडीत माझी सवय अशी की औषधांची यादी न विचारता पिशवी टेबलावर ओतायला सांगायची. यादीत तीन औषधं असतात, पिशवीतून निघतात अकरा. त्यात हटकून सापडते ती केसांची गोळी, म्हणजे बायोटिन. लेट्रोझोलने काहींचे केस विरळ होतात, विशेषतः भांगाच्या दोन्ही बाजूंना, मग भाची किंवा केमिस्ट बायोटिनची पट्टी हातात ठेवतो, दहा मिलिग्रॅमची. शरीराची रोजची गरज आहे ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ही गोळी गरजेच्या तीनशे पट. बायोटिनने कॅन्सरला काही होत नाही, पण पुष्कळ लॅबच्या मशीनमध्ये चाचणीची रसायनंच बायोटिनच्या आधाराने पकडलेली असतात. रक्तात बायोटिन जास्त असलं की इस्ट्रॅडिऑल खोटंच वाढलेलं येतं, आणि एफएसएच, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटेच कमी येतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आपल्याकडे अजून रक्त घ्यायला येणारा मुलगा 'उपाशी आहात ना?' एवढंच विचारतो. कुठलीही हार्मोनची किंवा थायरॉइडची तपासणी करण्याआधी बायोटिन किमान तीन दिवस बंद ठेवा.

दुसरी गोष्ट विचारायला अवघड वाटते, पण विचारा. योनीमार्गाच्या कोरडेपणासाठी, जळजळीसाठी कोणी मलम दिलंय का? त्यातल्या काहींत इस्ट्रोजेन असतं आणि ते थोडंफार रक्तात उतरतं. एरवी ते क्षुल्लक असतं, पण जिचं सगळं इस्ट्रोजेन आपण मुद्दाम तळाला नेलंय तिच्यात क्षुल्लकही मोजावं लागतं. पहिला उपाय म्हणून हार्मोन नसलेली जेल आणि मॉइश्चरायझर मिळतात. त्यांनी भागत नसेल तर ऑन्कॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवावं. शतावरी, 'लेडीज टॉनिक', मेनोपॉजच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल याही सांगा, त्यांत वनस्पतींपासून आलेली इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असू शकतात आणि किती ते डब्यावर लिहिलेलं नसतं. जवसाची चटणी, सोयाबीनची भाजी, टोफू यांना मात्र माझी हरकत नाही. जेवणातल्या प्रमाणात त्यांनी नुकसान झाल्याचं दिसलेलं नाही. उगाच आईच्या ताटातली चटणी काढू नका.

एफएसएच ७४ ला लाल 'एच' का? रिपोर्ट पुन्हा उघडा आणि उजवीकडच्या रकान्यात बघा. तिथे चार ओळी असतात : फॉलिक्युलर, मिड-सायकल, ल्युटिअल आणि पोस्ट-मेनोपॉजल (पहिल्या तीन पाळीच्या महिन्यातल्या, शेवटची पाळी गेल्यानंतरची). कॉम्प्युटरने आईचा आकडा पहिल्या ओळीशी, म्हणजे पाळी चालू असलेल्या बाईशी लावला. शेवटच्या ओळीशी लावला असता तर ७४ अगदी नेहमीचा आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी बीजांडकोशाला काम करायला लावण्यासाठी एफएसएच सोडते. बीजांडकोश निवृत्त झाले की तिला दाद मिळत नाही म्हणून ती आणखी सोडत राहते. पाळी गेलेल्या प्रत्येक बाईत एफएसएच चढाच असतो, लेट्रोझोल असो वा नसो. लेट्रोझोलने तो आणखी थोडा वर जाऊ शकतो. तो वर असणं हीच आईच्या बाबतीत दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण बीजांडकोश खरोखर झोपलेले आहेत हे त्यातून दिसतं.

इथे एक किस्सा सांगण्यासारखा आहे, कारण मामीच्या रिपोर्टचं उत्तर त्यातच आहे. नौपाड्यातल्या एक आजी चिडून आल्या होत्या. केमिस्टने त्यांना विचारलं होतं, 'आजी, ही तर मूल होण्याची गोळी, तुम्ही कशाला घेता?' दुकानातल्या मुलाचं चुकलेलं नव्हतं. लेट्रोझोल वंध्यत्वातही देतात. भारतात २०११ मध्ये त्या वापरावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली, आणि आज पीसीओएस (बीज वेळेवर तयार न होण्याचा बीजांडकोशांचा आजार) असलेल्या मुलीत बीज तयार व्हावं म्हणून पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस हीच २.५ मिलिग्रॅमची गोळी लिहिली जाते. तिशीतल्या बाईत गोळीने इस्ट्रोजेन खाली आलं की पिट्युटरीला ते लगेच कळतं, ती एफएसएच वाढवते, आणि जिवंत बीजांडकोश त्या एफएसएचने पेटून उठून बीज तयार करतात, सोबत भरपूर इस्ट्रोजेनही. आजीमध्ये पिट्युटरी कितीही ओरडली तरी ऐकायला कोणी नाही. गोळी तीच, डोस तोच. एकीचं इस्ट्रोजेन तळाला जातं, दुसरीचं उसळतं. फरक फक्त बीजांडकोशाचा.

म्हणून लेट्रोझोल लिहिण्याआधी माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न हा असतो, की या बाईचा मेनोपॉज खरा आहे का? साठीच्या पुढे हा प्रश्न पडत नाही. दोन्ही बीजांडकोश काढलेले असतील तरी पडत नाही. साठीच्या आत, केमो किंवा टॅमॉक्सिफेन नसताना, वर्षभर पाळी आलेली नसेल आणि एफएसएच, इस्ट्रॅडिऑल दोन्ही मेनोपॉजचे असतील तर मी मानतो. पण केमोने थांबलेली पाळी म्हणजे मेनोपॉज नव्हे. चाळिशीच्या आतबाहेर ती महिन्यांनी, कधी वर्ष-दीड वर्षाने परत येते. आणि कधी पाळी परत येत नाही, पण बीजांडकोश गुपचूप कामाला लागलेले असतात.

आपल्याकडे यात आणखी एक मोठी अडचण आहे : पिशवी काढलेल्या बायका. पस्तिशी-चाळिशीत गर्भाशय काढलेली बाई ओपीडीत सांगते, 'डॉक्टर, माझी पाळी कधीच गेली.' गर्भाशय गेलं म्हणून रक्तस्राव थांबला, बीजांडकोश मात्र पुष्कळदा जागेवरच ठेवलेले असतात आणि ते पुढची दहा वर्षं काम करतात. घरच्यांना बहुतेक माहीत नसतं, बाईलाही कोणी सांगितलेलं नसतं. ऑपरेशनचा जुना कागद सापडला तर उत्तम, नाहीतर सोनोग्राफी आणि रक्त तपासून ठरवावं लागतं. साठीच्या आतल्या अशा बाईला केवळ 'पाळी नाही' या शब्दावर लेट्रोझोल देणं मला धोक्याचं वाटतं.

मामीचं इस्ट्रॅडिऑल ३८०, एफएसएच ९. म्हणजे बीजांडकोश चालू आहेत, पाळी दिसो न दिसो. मग टॅमॉक्सिफेन फुकट जातंय का? नाही. टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन कमी करतच नाही. ते कॅन्सरच्या पेशीतल्या रिसेप्टरवर, म्हणजे इस्ट्रोजेन जिथे जोडलं जातं त्या जागेवर, स्वतः जाऊन बसतं, त्यामुळे रक्तात इस्ट्रोजेन कितीही असलं तरी त्याला तिथे जागा मिळत नाही. पाळी चालू असण्याच्या वयात टॅमॉक्सिफेन उलट बीजांडकोशांना चेतवतं आणि इस्ट्रॅडिऑल कित्येक शेकड्यांत जातं. मामीचं ३८० तसंच आलंय. औषध हरल्याची ती खूण नाही. जे करायचं नाही ते एकच : मामीला नुसतं लेट्रोझोल. नौपाड्याच्या आजींना जे होणार नाही ते मामीला होईल, बीजांडकोश आणखी जोमाने कामाला लागतील, आणि या वेळी रिसेप्टर अडवायला टॅमॉक्सिफेनही नसेल. गर्भ राहिल्याचीही उदाहरणं आहेत. तशी शक्यता मामीला आजही आहे आणि टॅमॉक्सिफेन गर्भाला घातक आहे. म्हणून कंडोम किंवा कॉपर-टी, संततिनियमनाच्या हार्मोनच्या गोळ्या नाहीत. मामा-मामींशी हे बोलणं तुम्हाला अवघड वाटेल, डॉक्टरांना सांगा, ते बोलतील.

पुढे मामीसाठी रस्ते आहेत. धोका कमी असेल तर टॅमॉक्सिफेनच चालू ठेवतात. धोका जास्त असेल, म्हणजे काखेतल्या गाठींत आजार होता, गाठ मोठी होती, तर बीजांडकोश आधी बंद करतात आणि मग अरोमाटेज बंद पाडणारी, लेट्रोझोलसारखी गोळी जोडतात. बंद करायला दर २८ दिवसांनी गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅमची बारीक कांडी पोटाच्या कातडीखाली सोडतात, किंवा दुर्बिणीतून बीजांडकोश काढून टाकतात. सॉफ्ट आणि टेक्स्ट या मोठ्या चाचण्यांत जास्त धोक्याच्या तरुण बायकांना या जोडीचा फायदा दिसला. इथे मात्र इस्ट्रॅडिऑलची तपासणी गरजेची ठरते, आणि ती मास स्पेक्ट्रोमेट्रीनेच. काही बायकांत इंजेक्शन घेऊनही बीजांडकोश पुरते दबत नाहीत, विशेषतः तरुण, जाड आणि आधी केमो न झालेल्यांत. इंजेक्शनची तारीख गणपतीत गावाला गेलो म्हणून आठवडाभर पुढे ढकलणं इथे परवडत नाही. आणि या जोडीवर असताना कधीही पाळीसारखा रक्तस्राव झाला तर 'आली असेल' म्हणून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा. टॅमॉक्सिफेनवर असतानाही नेहमीपेक्षा वेगळा रक्तस्राव दाखवायलाच हवा, पण त्याचं कारण निराळं, ते खाली येतं.

बीजांडकोश बंद करण्याचा हा विचार नवा नाही. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये बीजांडकोश काढून गाठी विरघळल्याचं प्रसिद्ध केलं. इस्ट्रोजेन हा शब्दही तेव्हा जन्माला यायचा होता.

पाळी गेलेल्या बाईला टॅमॉक्सिफेन दिलं तर रक्तात काय होतं, हेही विचारतात. इस्ट्रॅडिऑल जवळपास तिथेच राहतं. एफएसएच आणि एलएच (पिट्युटरीचंच त्याचं जोडीदार हार्मोन) थोडे उतरतात, कारण पिट्युटरीला टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनसारखंच भासतं. हे औषध दुटप्पी आहे : स्तनात इस्ट्रोजेनच्या विरोधात, पण यकृत, हाडं आणि गर्भाशयात इस्ट्रोजेनच्या बाजूने. त्यामुळे हाडं टिकतात आणि कोलेस्टेरॉल उतरतं. त्याच कारणाने गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ शकतं, क्वचित तिथे कॅन्सरही होतो, आणि पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून मेनोपॉजनंतर टॅमॉक्सिफेनवर असताना एक ठिपका रक्त दिसलं तरी दाखवायचं. टॅमॉक्सिफेनवरून लेट्रोझोलवर आलेल्या बायकांचं कोलेस्टेरॉल वर्षभरात चढतं आणि सगळे नव्या गोळीला दोष देतात. पुष्कळदा झालेलं एवढंच असतं की टॅमॉक्सिफेनने दाबून ठेवलेला आकडा मूळपदावर आला.

यकृतावरच्या याच परिणामामुळे रक्तातली हार्मोन वाहून नेणारी प्रथिनं वाढतात. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईचा 'टोटल टी-४' मग वाढलेला दिसतो आणि कोणीतरी थायरॉइडचा डोस कमी करून टाकतो. टीएसएच आणि फ्री टी-४ बघावं, टोटल नको. लेट्रोझोलवर ही भानगड नाही.

आईच्या गोळीने इतर हार्मोन्सवर काय होतं? कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन, म्हणजे अ‍ॅड्रिनलची जीवनावश्यक हार्मोन्स, जशीच्या तशी राहतात. हे सहज मिळालेलं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात याच कामासाठी अमिनोग्लुटेथिमाइड वापरायचे, ते अरोमाटेजसोबत अ‍ॅड्रिनललाही बंद पाडायचं, मग बायकांना सोबत हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागायचं. झोप, चक्कर, पुरळ वेगळंच. अँजेला ब्रोडी या शास्त्रज्ञ बाईंनी फक्त अरोमाटेजवर काम करणारं औषध शोधायचा ध्यास घेतला, त्या वाटेने आजच्या गोळ्या आल्या. टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर थांबल्याने ते इस्ट्रोजेनच्या तुलनेत वरचढ होतं. केस विरळ होणं, हनुवटीवर एखादा केस येणं याचा संबंध बहुधा तिथे आहे.

दोन औषधांबद्दल एक सूचना. आजार पसरलेल्या बायकांना दोन्ही कुल्ल्यांत फुल्वेस्ट्रँटची इंजेक्शनं देतात. फुल्वेस्ट्रँटची रचना इस्ट्रॅडिऑलसारखी असल्यामुळे साध्या मशीनवर इस्ट्रॅडिऑल खोटंच वाढलेलं येतं. एक्सेमेस्टेन स्वतः स्टेरॉइड आहे, त्याच्यामुळेही असा घोळ होतो. घोडबंदर रोडच्या एका बाईंना असाच आकडा बघून कोणीतरी दुसरी सोनोग्राफी, तिसरी तपासणी सांगत गेलं. इंजेक्शन लॅबच्या फॉर्मवर कोणीच लिहिलेलं नव्हतं. फॉर्मवर औषधाचं नाव लिहा, ही माझी सगळ्यांना विनंती असते.

लेट्रोझोलच का, टॅमॉक्सिफेन का नाही? दोन्ही प्रकारच्या गोळ्यांची तुलना मोठ्या चाचण्यांत झाली. अ‍ॅटॅक या चाचणीत ९,३६६ बायका होत्या, बिग १-९८ मध्ये ८,०१०. अशा चाचण्यांचा २०१५ मध्ये एकत्र हिशोब झाला. पाळी गेलेल्या बायकांत पाच वर्षं अरोमाटेजची गोळी घेतलेल्यांत दहा वर्षांत या आजाराने मृत्यू १२.१ टक्के, टॅमॉक्सिफेन घेतलेल्यांत १४.२ टक्के. म्हणजे शंभरात दोघींचा फरक. फरक खरा आहे, पण एवढाच आहे. आईला लेट्रोझोल अजिबातच सोसलं नाही तर टॅमॉक्सिफेन म्हणजे हार नव्हे, हे मी दर आठवड्याला कोणाला तरी सांगतो. तीन अरोमाटेज गोळ्यांत आपसात म्हणण्यासारखा फरक नाही. स्वस्त जेनेरिक घेतलं तरी चालतं.

आता तळाला गेलेल्या इस्ट्रोजेनची किंमत. सकाळी मूठ वळत नाही, पिठाच्या डब्याचं झाकण निघत नाही, खुर्चीतून उठताना गुडघे धरतात. निम्म्याच्या आसपास बायका हे सांगतात, आणि गोळी मध्येच सोडण्याचं हे पहिलं कारण आहे. 'वयाचं आहे' म्हणून उडवून लावू नका. रोजचं चालणं आणि थोडे ताकदीचे व्यायाम यांनी दुखणं खरंच कमी होतं, संध्याकाळी तलावपाळीच्या फेऱ्या मारायला आईसोबत जा. नाहीच भागलं तर दोन-तीन आठवडे गोळी थांबवून दुसरी अरोमाटेज गोळी देतो. पुष्कळींना दुसरी सोसते, का ते नीट सांगता येत नाही. हे थांबवणं डॉक्टरांनी, तारखा ठरवून. उलट, काहीच त्रास नाही म्हणून गोळी काम करत नाही असंही नाही.

गरम वाफा येत असतील तर पंखा, सुती कपडे यांच्यापुढे जाऊन औषधंही आहेत. मामीसाठी लक्षात ठेवा : त्यासाठी किंवा उदासीसाठी कोणी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन लिहून दिलं तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं सांगायचं, ती औषधं टॅमॉक्सिफेनचं कामाच्या रूपात होणारं रूपांतर यकृतात अडवतात. व्हेन्लाफॅक्सिन चालतं.

हाडांचं मात्र आईच्या बाबतीत मनावर घ्या. हार्मोन प्रोफाइलवर घातलेले पैसे डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) स्कॅनवर घातले असते तर मला जास्त कळलं असतं. लेट्रोझोल सुरू करताना एक स्कॅन आणि मग वर्ष-दोन वर्षांनी, व्हिटॅमिन डी तपासून भरून काढायचं, कॅल्शियम पुरेसं. हाडं पातळ असतील तर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ४ मिलिग्रॅम दर सहा महिन्यांनी शिरेतून देतात, त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन हलणारे, किडलेले दात निस्तरून घ्यायचे. त्याऐवजी डेनोसुमॅबचं इंजेक्शन दिलं तर ते सहा महिन्यांनी चुकवून चालत नाही, अचानक थांबवलं की मणक्याची हाडं दबू शकतात.

आईची पुढची हार्मोन प्रोफाइल करू नका. पुढच्या भेटीत तिच्या डेक्साचं विचारा आणि औषधांची सगळी पिशवी न्या. मामी खारघरच्या टाटात दाखवते ना? तिथे जाताना हा रिपोर्ट, केमोची शेवटची तारीख, शेवटच्या पाळीची तारीख, गाठीच्या बायोप्सीचा ईआर-पीआरचा (हार्मोन रिसेप्टरचा) कागद आणि ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट घेऊन जा. एकच प्रश्न विचारा : बीजांडकोश चालू आहेत, तर त्यांना बंद करण्याइतका माझा धोका आहे का? उत्तर 'नाही' आलं तर टॅमॉक्सिफेन तसंच चालू राहील, आणि उत्तर 'हो' आलं तर इंजेक्शन आधी, गोळी नंतर.